श्रीलंकेत पहिल्यांदा जाताना: काय खावे, केव्हा खावे आणि कशासाठी थांबावे

मुंबईहून विमानाने कोलंबोला पोहोचायला साधारण अडीच तास लागतात, आणि तिथल्या बाजारात पहिले पाऊल टाकल्यावर कोकणातल्या माणसाला सगळे ओळखीचे वाटू लागते. नारळाचे ढीग, फणस, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, लाल तांदूळ, कवठ, सुकी मासळी अशी सामग्री सगळी आपलीच असते. या ओळखीमुळेच नवा प्रवासी बहुधा चुकतो. एक तर 'यात नवे काय?' असे म्हणून तो हॉटेलातल्या बुफेवर समाधान मानतो, नाहीतर तिखटाच्या आणि मासळीच्या धास्तीने कोलंबोत पनीर आणि नान शोधत फिरतो. दोन्ही प्रकारे त्याचा घास हुकतो, कारण त्याच सामग्रीतून लंकेने जे घडवले आहे ते आपल्या पदार्थांहून पुष्कळ निराळे आहे.

तीन फेऱ्यांनंतर मला पटलेली गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लंकेत कुठे खावे यापेक्षा केव्हा खावे हे कळणे महत्त्वाचे आहे. तिथल्या प्रत्येक पदार्थाला दिवसातली आपली वेळ असते, आणि त्या वेळी पोहोचलेल्या माणसाला अगदी साध्या टपरीवरही उत्तम खायला मिळते. म्हणून हा लेख दिवसाच्या घड्याळाप्रमाणे लिहिला आहे.

पहिली पायरी: तारखा ठरवणे

ईटीए ही प्रवासाची परवानगी सरकारी संकेतस्थळावरून निघण्यापूर्वीच काढावी. तिचे शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये. त्यानंतर पावसाचा विचार करावा. लंकेला दोन मोसमी वारे लाभले आहेत. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्येकडून पाऊस येतो आणि गॉल, मातरसारखा दक्षिण-पश्चिम किनारा भिजतो, तेव्हा पूर्वेचे त्रिंकोमाली कोरडे असते. वर्षाच्या अखेरीस ईशान्येकडून पाऊस येतो आणि चित्र उलटे होते. डिसेंबर ते मार्च जाणाऱ्याने दक्षिण किनारा आणि डोंगर निवडावेत, तर मे ते सप्टेंबर जाणाऱ्याने पूर्व किनारा.

फळांसाठी जायचे असेल तर मात्र पावसाची थोडी गैरसोय सोसावी, कारण रामबुतान आणि मँगोस्टीन यांचा मुख्य हंगाम पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनच येतो. त्या दिवसांत कोलंबोजवळच्या मल्वानेचे रामबुतान आणि कळुतरचे मँगोस्टीन रस्त्याच्या कडेला ढिगांनी विकायला असते.

एका आठवड्याबाबत सावध राहावे. १३ आणि १४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष येते. जुने वर्ष सरून नवे सुरू होईपर्यंतचे काही तास चूल पेटवायची नाही आणि कामही करायचे नाही, असा प्रघात आहे. शहरे ओस पडतात आणि खाण्याची लहान दुकाने अनेक दिवस बंद राहतात. कुणाच्या घरी आमंत्रण असेल तर याहून चांगला काळ नाही, आणि नसेल तर हे दिवस टाळावेत.

दुसरी पायरी: चार वाक्ये पाठ करणे

शाकाहारी वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. लंकेच्या स्वयंपाकात 'उम्बलकड' नावाचा जिन्नस आहे. कुपा माशाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन आणि वाळवून लाकडासारखा टणक केलेला असतो, आणि त्याचा कुटलेला चुरा चवीसाठी वापरतात. हा चुरा नारळाच्या चटणीत, कांदा-मिरचीच्या ठेच्यात, कधी पालेभाजीत, तर कधी वरणातही असतो. स्वयंपाक करणाऱ्याला तो मसाल्यासारखाच वाटतो, त्यामुळे 'यात मासा आहे का?' असे विचारले तर 'नाही' हे उत्तर तो अगदी प्रामाणिकपणे देतो. माझ्या पहिल्या प्रवासात बरोबरच्या एका आजींनी तीन दिवस ती लाल चटणी आवडीने खाल्ली, आणि चौथ्या दिवशी पाट्याशेजारी ठेवलेला तो तुकडा पाहिल्यावर त्या जेवणावरून उठल्या. त्यांचे ते अवघडणे मला अजून आठवते, म्हणून प्रश्न नेमका विचारावा असे मी आग्रहाने सांगतो.

'मम मस् माळु कन्ने नॅहॅ' म्हणजे मी मांस-मासे खात नाही. 'उम्बलकड नॅतुव' म्हणजे उम्बलकड न घालता. 'मिरिस् अडुवेन्' म्हणजे मिरची कमी. 'स्तुति' म्हणजे आभार. ही चार वाक्ये कागदावर लिहून न ठेवता तोंडात बसवावीत. अंड्याला 'बित्तर' म्हणतात आणि ते वर्ज्य असेल तर वेगळे सांगावे लागते. तमिळ भाषकांच्या भागात 'सैवम्' एवढा एकच शब्द पुरतो. ज्या दुकानाच्या पाटीवर 'सैव' असे लिहिलेले असते तिथे इडली, डोसा, वडे आणि भाजी-भात निर्धास्तपणे खाता येतो.

सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली आहे, आणि हे नाते जेवताना सर्वांत जास्त जाणवते. भाताला तिथे 'बत' म्हणतात, आंब्याला 'अंब', मांसाला 'मस्' आणि आंबटाला 'अंबुल'. पण एक शब्द फसवा आहे. 'पॅणि' म्हणजे काकवी किंवा मध, आणि पाण्यासाठी 'वतुर' म्हणावे लागते. लहान खाणावळीच्या पाटीवर आपल्यासारखेच 'हॉटेल' लिहिलेले असते, तिथे राहण्याची खोली विचारू नये.

तिसरी पायरी: सकाळ

सहा-साडेसहाला उठून बाहेर पडावे. फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर कुणीतरी मोठ्या भांड्यातून हिरवीगार पेज विकत उभे असते. तिला 'कोळ कॅंद' म्हणतात. तांदूळ, नारळाचे दूध आणि कुटलेल्या पाल्याचा रस यांची ही पातळ, गरम पेज असते. पाला बहुतेक वेळा गोटुकोळचा, म्हणजे आपल्या मंडूकपर्णीचा असतो. पेजेबरोबर तळहातावर गुळाचा खडा देतात. तो पेजेत घालायचा नसतो, एक घोट पेजेचा आणि एक चावा गुळाचा असे करायचे असते. पहिल्या घोटाला पाल्याचा कच्चट वास जाणवतो, तिसऱ्या घोटापर्यंत तो आवडू लागतो.

न्याहारीचा खरा पदार्थ म्हणजे इंदिआप्प. मालवणकडच्या वाचकांना शिरवाळे आठवतील, आणि ते बरोबरच आहे, कारण तांदळाच्या पिठाची शेव साच्यातून पाडून वाफवण्याची रीत तीच आहे. आपण मात्र शिरवाळे गोड रसात बुडवतो, आणि लंकेत या शेवयांच्या जाळीदार चकत्यांवर 'किरि होदि' ओततात. हळद, मेथी, कढीपत्ता आणि कांदा घातलेला हा नारळाच्या दुधाचा पिवळा, सौम्य रस असतो. सोबत 'पोल सम्बोल' असते. ओले खोबरे, लाल मिरची, लहान कांदे आणि लिंबू पाट्यावर रगडून केलेली ही लाल चटणी आहे. आधी होदि ओतावी, शेवया भिजू द्याव्यात, मग बोटांनी चटणी मिसळत खावे. काट्याने खाल्ल्यास ही चव लागत नाही, कारण मिसळण्याचे प्रमाण बोटांनाच कळते. लाल तांदळाच्या शेवया मिळाल्या तर त्याच घ्याव्यात.

महिन्याच्या पहिल्या तारखेला किंवा शुभदिवशी यजमानांकडे 'किरिबत' होते. नारळाच्या दुधात मऊ शिजवलेला भात ताटात थापून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडलेल्या असतात. नावातले 'किरि' म्हणजे दूध, आपल्या 'खीर' शब्दाचे सख्खे भावंड. त्यावर कांदा-मिरचीचा तिखट ठेचा किंवा गूळ घेतात. मी तिखटाच्या बाजूचा आहे.

चौथी पायरी: दुपारचा भात

लंकेचे मुख्य जेवण दुपारचे असते, आणि ज्याने तिथली दुपार चुकवली त्याने लंका निम्मी चुकवली असे मी मानतो. साध्या भाताच्या दुकानात, ज्याला 'बत कडे' म्हणतात, साडेबारा ते दीडच्या दरम्यान जावे. अकराला भाज्या होत असतात आणि अडीचनंतर तळाशी उरलेले मिळते. मातीच्या भांड्यांची रांग मांडलेली असते. प्रथम भात वाढतात, तेव्हा पांढरा की लाल असे विचारले तर लाल मागावा. मग नारळाच्या दुधातले मसुरीचे वरण, म्हणजे 'परिप्पु', तीन-चार भाज्या, एक पालेभाजी, पापड, आणि हवे असल्यास मासा किंवा कोंबडी. ताटावर बहुधा पातळ प्लास्टिकचा कागद पसरलेला असतो आणि जेवण झाल्यावर तो उचलून टाकतात. हात धुण्यासाठी कोपऱ्यात नळ असतो. अनेक ठिकाणी भात आणि भाज्या पुन्हा वाढतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

ताट समोर आल्यावर सगळे एकदम कालवू नये. भाताचा एक कोपरा घेऊन त्यात एकेक भाजी स्वतंत्र चाखावी, म्हणजे प्रत्येकीचा मसाला निराळा आहे हे लक्षात येते. बिटाची भाजी गोडसर असते. तळलेल्या वांग्यांचा 'मोजु' आंबट-गोड लोणच्यासारखा लागतो. कारल्याच्या कुरकुरीत चकत्यांत कच्चा कांदा आणि लिंबू असते. गोटुकोळचा 'मल्लुम' म्हणजे बारीक चिरलेला पाला आणि खोबरे, तो जेवणातला गारवा आहे. काही रश्श्यांचा रंग गडद तपकिरी असतो, कारण धणे, जिरे, बडीशेप यांचा मसाला तिथे काळसर होईपर्यंत भाजतात. नंतर कालवायला लागावे.

फणसाची भाजी दिसली तर ती सोडू नये. कोवळ्या फणसाला 'पोलोस' म्हणतात, आणि त्याचे तुकडे भाजक्या मसाल्यात व नारळाच्या दुधात तासन्‌तास मंद आचेवर शिजवल्याने गडद आणि मऊ होतात. आपल्या कुयरीच्या भाजीपेक्षा हा प्रकार बराच भारदस्त आहे. जून, पण न पिकलेल्या फणसाचे गरे म्हणजे 'कोस', ते भाताऐवजी पोटभर खातात, म्हणूनच या झाडाला तिथे भाताचे झाड म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर व्ही. डायस यांनी देशभर फणसाची झाडे लावण्याची मोठी मोहीम चालवली, आणि लोक त्यांना आजही 'कोस मामा' म्हणून ओळखतात. मामा या शब्दाचा अर्थ सिंहलीतही मामाच होतो. फणस लावणाऱ्या माणसाला मामा म्हणणारा देश कोकणातल्या माणसाला परका वाटूच शकत नाही.

मासे खाणाऱ्यांनी दक्षिणेत 'अंबुल तियल' मागावे. कुपा माशाच्या तुकड्यांना मिरी आणि 'गोरका' यांचा काळा लेप देऊन मातीच्या भांड्यात ते कोरडे होईपर्यंत आटवतात. गोरका हे आपल्या कोकमाच्याच कुळातले फळ आहे, फक्त त्याचा आंबटपणा अधिक गंभीर आणि धुरकट असतो. या लेपामुळे मासा फ्रीजशिवायही काही दिवस टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो.

घरगुती निवासात उतरला असाल तर रात्रीच्या जेवणासाठी आणखी एक उत्तम मार्ग आहे. सकाळी बाहेर पडतानाच 'आज रात्री भात-भाजी हवी' असे यजमानीणबाईंना सांगावे. तिथे जेवण सांगितल्यावरच केले जाते, आणि वेळेवर सांगितल्यास सहा-आठ वाट्यांचे ताट समोर येते. संध्याकाळी सात वाजता सांगितल्यास तळलेला भात मिळतो, आणि त्यात चूक त्यांची नसते. शक्य असल्यास स्वयंपाकघरात येऊ का असे विचारावे. नारळ खोवताना आणि त्याचे पहिले, दुसरे दूध काढताना बोलणे सहज सुरू होते, आणि खोवणी तर आपल्या घरातल्यासारखीच असते.

शासनाच्या कृषी विभागाने 'हेल बोजुन' नावाची उपाहारगृहे सुरू केली आहेत. कॅंडीजवळ गन्नोरुवाला आणि कोलंबोजवळ बत्तरमुल्लला ती आहेत. शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रिया समोर उभ्या राहून पारंपरिक पदार्थ करून देतात, दर माफक असतात आणि बहुतेक पदार्थ शाकाहारी असतात. एकाच जागी पाच-सहा नवे पदार्थ थोडे थोडे चाखायचे असतील तर पहिल्या दोन दिवसांतच इथे जाऊन यावे.

पाचवी पायरी: चार वाजताचा चहा

दुपार उतरली की गल्लीतून बीथोव्हेनची पियानोवरची ती सर्वांना ठाऊक असलेली धून कर्ण्यावर ऐकू येते. ती पावाची रिक्षा असते, आणि लोक तिला 'चून पान' म्हणतात. 'पान' म्हणजे पाव. पोर्तुगीजांचा हा शब्द आपल्याकडे गोव्यामार्फत पाव होऊन आला आणि लंकेत पान होऊन राहिला. काचेच्या कपाटात माशाचे सारण भरलेले त्रिकोणी 'माळु पान' असतात, शाकाहाऱ्यांसाठी मगरीच्या आकाराचा, वर साखर पेरलेला लांबोडका 'किंबुला बनिस' असतो. रिक्षा थांबवायला हात दाखवावा, मुले धावत येतात, दोन मिनिटांत गल्ली गजबजते. लंकेतल्या आनंदांमध्ये मला हा सर्वांत प्रिय आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

बेकरीत बसल्यास न मागताच टेबलावर रोल, कटलेट, वडे यांची भरलेली ताटली ठेवतात. ती पाहून बिचकू नये. जेवढे खाल तेवढ्याचेच पैसे द्यायचे असतात. मात्र ताटलीतला पदार्थ हाताळून परत ठेवू नये, आणि शाकाहारी कोणता ते आधी विचारावे, कारण सगळे रोल बाहेरून सारखेच दिसतात.

चहा कोणता मागायचा हे ठरवावे लागते. दुधाचा चहा बहुधा दुधाच्या भुकटीचा आणि फार गोड असतो. 'प्लेन टी' म्हणजे कोरा चहा, त्यात आले घालून मागावा आणि त्याबरोबर गुळाचा खडा चावावा. हा गूळ ऊसाचा नसून 'कितुल'चा असतो. कितुल म्हणजे आपला भेरली माड, जो कोकणात आणि सह्याद्रीत मिळतो, पण ज्याचा गूळ आपल्याकडे सहसा कुणी चाखलेला नसतो. त्याला धुराचा मंद वास आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा असतो.

सहावी पायरी: संध्याकाळ आणि रात्र

कोलंबोत असाल तर सूर्यास्ताला 'गॉल फेस ग्रीन'वर जावे. गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांनी १८५९ मध्ये तयार करवलेले हे समुद्राकाठचे मैदान आजही शहराचे अंगण आहे. पतंग उडत असतात, आणि गाड्यांवर 'इस्सो वडे' तळले जातात. डाळीच्या चपट्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेली असते. वडे तुमच्यासमोर पुन्हा तळून मागावेत, कारण मांडून ठेवलेले गार असतात.

आप्प ही आपल्या घावनाची आणि आंबोळीची चुलत बहीण. तांदळाचे आंबवलेले पीठ आणि नारळाचे दूध लहान खोलगट कढईत फिरवतात, त्यामुळे कडा जाळीदार आणि कुरकुरीत होते व मधला भाग मऊ राहतो. आप्प सकाळीही मिळतात, पण अनेक दुकाने ते संध्याकाळीच करतात, म्हणून पाच-सहानंतर शोधावे. आधी एक साधे घ्यावे, मग अंड्याचे, आणि शेवटी गोड. ते तव्यावरून उतरल्याबरोबर खायचे असतात, पाच मिनिटांनी कडा लवचीक होते आणि आप्पाचा जीव जातो.

रात्री उशिरा भूक लागल्यास कोत्तु आहेच. पातळ रोटीचे तुकडे, भाज्या, अंडे किंवा मांस लोखंडी तव्यावर दोन पात्यांनी कापत परततात, आणि त्या पात्यांचा ठेका चौकापलीकडून ऐकू येतो. प्रमाण मोठे असते, दोघांत एक पुरते.

सातवी पायरी: दही, शहाळे आणि गोडाधोडाचे

दक्षिणेत तिस्समहारामच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला मातीची मडकी टांगलेली दिसली की गाडी थांबवावी. ते म्हशीच्या दुधाचे दही असते, सुरीने कापावे इतके घट्ट. त्यावर कितुलची काकवी ओतून खातात. यापेक्षा चांगले मिष्टान्न मी लंकेत खाल्लेले नाही, आणि त्यात जिन्नस दोनच आहेत. दही सकाळी किंवा दुपारपर्यंत घ्यावे, कारण उन्हात दिवसभर राहिलेले आंबट होते.

नारिंगी सालीचे शहाळे म्हणजे 'तॅंबिलि'. पाणी पिऊन झाल्यावर ते फोडून मागावे आणि सालीच्याच चमच्याने मलई खावी. बाटलीबंद पाणी संपले आणि खात्रीचे पाणी मिळत नसले, तर तॅंबिलि हा उत्तम उपाय आहे. रस्त्यावरच्या सरबतांतला बर्फ मात्र टाळावा.

आपल्याकडे महाशिवरात्रीला आठवणारे कवठ तिथे 'दिवुल' नावाने वर्षातला बराच काळ भेटते, आणि त्याचा गर नारळाचे दूध व गूळ घालून पितात. हा प्रयोग आपल्या घरीही करण्याजोगा आहे. वाळवलेल्या बेलाच्या फुलांचा आणि तरवडाच्या फुलांचा काढा चहासारखा मिळतो, तोही एकदा घ्यावा.

मातलेच्या बाजूला गेल्यास 'उंदु वळलु' शोधावेत. नावाचा अर्थच उडदाची कांकणे असा होतो. जिलबीसारख्या तळलेल्या कड्यांच्या पोकळीत कितुलची काकवी भरलेली असते आणि चावताच ती तोंडात सुटते, म्हणून तो पदार्थ एका घासात खावा. गोवेकरांनी खोबऱ्याचा 'बिबिक्कन' जरूर चाखावा. नाव बेबिंकाचे नातेवाईक वाटते, पण पदार्थ थरांचा नाही, तो काळसर, ओलसर आणि दाणेदार असतो.

आठवी पायरी: डोंगरातली आगगाडी

कॅंडीहून एल्लाकडे जाणारी आगगाडी बहुतेकांच्या यादीत असते. आसने महिनाभर आधी आरक्षित करता येतात आणि ती लवकर संपतात. दरडींमुळे हा मार्ग अधूनमधून बंद पडतो, म्हणून निघण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत चालू आहे याची स्थानकावर चौकशी करावी. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे दुसरा किंवा तिसरा वर्ग घ्यावा. चहाचा ओला वास, निलगिरीची झाडे, पट्टिपोलच्या सुमारे १,९०० मीटर उंचीवरचा गारठा, हे सारे उघड्या खिडकीतूनच आत येते. दारात लोंबकळून छायाचित्रे काढू नयेत, बोगदे आणि झाडे डब्याला अगदी लगटून जातात.

डब्यात वडेवाला येतो. वडा जुन्या वहीच्या कागदात बांधलेला असतो आणि सोबत सुकी मिरची असते. कागदावर कुणा मुलाची गणिते असतात, ती वाचत वडा खावा.

ज्या मळ्यांतून गाडी जाते त्यांची सुरुवात १८६७ मध्ये झाली. त्या वर्षी जेम्स टेलर यांनी लूलेकन्देरा इथे १९ एकरांवर चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीच्या पानांवर तांबेरा पडू लागला, कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले आणि डोंगर चहाचे झाले. मळ्यांवर राबण्यासाठी तमिळनाडूतून आणलेल्या कुटुंबांचे वंशज आजही पाने खुडतात. त्यांची छायाचित्रे काढण्याआधी विचारावे. कारखान्यात चहा चाखताना उंची विचारावी: ६०० मीटरखालचा चहा गडद आणि दुधाला सोसणारा, १,२०० मीटरवरचा फिका, सुगंधी आणि कोरा पिण्याचा. आपल्या घरच्या उकळलेल्या चहाची सवय असेल तर उंच डोंगरातल्या नुवर एलिया गावाचा चहा पाणचट वाटेल. तो उकळू नये, तीन-चार मिनिटे मुरवून गाळावा.

नववी पायरी: पौर्णिमा

प्रत्येक पौर्णिमेला 'पोय' म्हणतात आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मद्य आणि मांस यांची विक्री बंद असते, देवळे पांढऱ्या वस्त्रांतल्या लोकांनी भरतात. गुडघे आणि खांदे झाकून, पादत्राणे काढून जावे, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

मे महिन्यातली पौर्णिमा म्हणजे वेसाक. घरोघरी कागदी कंदील लागतात, आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलांचे भाईबंदच ते, आणि रस्तोरस्ती 'दन्सल' उघडतात. भात, चहा, सरबत, आइस्क्रीम, जे ज्याला परवडेल ते वाटसरूंना मोफत वाटले जाते. पंढरीच्या वाटेवरचे अन्नदान पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. परदेशी म्हणून संकोच करू नये आणि पैसेही देऊ करू नयेत. रांगेत उभे राहावे, दोन्ही हातांनी घ्यावे, ताटात टाकू नये.

निघताना

पिशवीत काय भरावे याबाबत माझे मत पक्के आहे. दालचिनी आधी घ्यावी, कारण लंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी असते आणि आपल्या बाजारात पुष्कळदा मिळणारी जाड, कडक साल ती निराळ्या झाडाची. भाजलेला मसाला, म्हणजे 'बॅदपु तुनपह', छोट्या पुड्यांत घ्यावा, वास लवकर उडतो. कितुलची काकवी साखरेचा पाक मिसळूनही विकली जाते, म्हणून ती घरगुती निवासाच्या यजमानांना विचारून घ्यावी आणि विमानात मोठ्या सामानात ठेवावी.

आणि गोरका मूठभर घ्यावाच. घरी आल्यावर चार-पाच पाकळ्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, मिरी, लसूण आणि मिठाबरोबर वाटाव्यात, कुप्याच्या चौकोनी तुकड्यांना तो लेप चोळून तुकडे मातीच्या भांड्यात एका थरात लावावेत. कढीपत्ता, दालचिनीचा तुकडा आणि जेमतेम बुडेल एवढे पाणी घालून ते मंद आचेवर आटेपर्यंत ठेवावे. ढवळू नये, भांडेच हलवावे. त्या दिवशी झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, एकच्या सुमारास, लाल भाताबरोबर वाढावे.